बर्फाचं विरजण

सकाळी रुंजीनं दार उघडलं, बाहेर पाहिलं आणि दार परत लावून घेतलं. मग आत येऊन तिनं बाबाच्या पांघरुणाचं टोक ओढलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, बाहेर कुणीतरी सगळं पुसून टाकलंय."

सुयोग जागाच होता. तिला काय दिसलं असणार ते त्याला ठाऊक होतं. अंगण नाही, अंगणापलीकडचा गडगा नाही, करवंदीच्या जाळ्या नाहीत, आणि घाटाकडे उतरणारा रस्ता तर नाहीच. धारपठारावर बर्फ गेली काही वर्षं पडत होता, पण तो गावापासून लांब, कुंपणाच्या आत, बर्फ साठवायला आखलेल्या हिमवाफ्यांवर. सांगितलेल्या जागी पडायचा, सांगितलेल्या जागी थांबायचा. वाडीवर तो कधी आला नव्हता. आज आला होता, आणि त्याला सुयोगनं बोलावलं होतं.

काल दुपारी केतकीचा फोन आला होता. उद्या सकाळी घाट चढते, रुंजीची बॅग भरून ठेव, एवढंच. केतकी आणि सुयोग वेगळे झाले तेव्हा रुंजी पाच वर्षांची होती. ती आईकडे पुण्यात राहायची आणि सुट्टी लागली की बाबाकडे पठारावर यायची. आता केतकीची बदली शिलाँगला झाली होती. तिथून इथे यायचं म्हणजे विमान, गाडी, पुन्हा गाडी. वर्षातून एकदा तरी जमेल का, हे कुणीच बोललं नव्हतं. त्यामुळे कालची संध्याकाळ सुयोगला फार लवकर उतरल्यासारखी वाटली. हवा कोरडी होती, गारठा हवा तसा होता, फक्त वारा घाटाकडे वाहत होता. वारा घाटाकडे असेल तर बर्फाच्या मनोऱ्याची झडप उघडायची नाही, हा त्याच्या कामाचा पहिला नियम. त्यानं घाटाच्या फाटकावर फोन करून फाटक लावायला सांगितलं, रस्त्यावर एकही गाडी उरली नाही याची खात्री करून घेतली, आणि झडप उघडली.

आता घाट बंद होता. केतकी पायथ्याच्या आंबेनेर गावात अडकली होती. शाळेला सुट्टी होती. आणि दारात आठ वर्षांची मुलगी दोन्ही हातांत पायमोजे चढवून उभी होती.

"हा बर्फ विरजणघरातला?" तिनं विचारलं.

विरजणघर हे नाव वाडीतल्या बायकांनी ठेवलेलं. कड्याच्या टोकाला उंच मनोरा होता, त्याच्या पायाशी सुयोगचं केंद्र. नावात काही चूक नव्हती. पाणी शून्य अंशाला गोठतं असं शाळेत शिकवतात, पण पाण्याला तसं काही बंधन नसतं. स्वच्छ थेंब शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही पाणीच राहतो. गोठायला त्याला कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते, धुळीचा कण, बर्फाचा तुकडा, काहीही. रुंजीच्या ताटलीत सकाळचं दही होतं, त्याच्याकडे बोट दाखवून सुयोग म्हणाला की दुधाचं जसं आपणहून दही होत नाही, चमचाभर विरजण लागतं, तसंच हे. झाडांच्या पानांवर एक जिवाणू राहतो. त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं, आणि ते प्रथिन पाण्याच्या कणांना ओळीत कसं उभं राहायचं ते दाखवतं. एकदा ओळ लागली की पाणी थोड्याशा थंडीतही गोठतं. आम्ही तो जिवाणू मारून फक्त त्याचं विरजण घेतो, आणि मनोऱ्यावरून पाण्याच्या धुक्यात मिसळून सोडतो.

"पण इथं तेवढी थंडी कुठे असते?"

प्रश्न बरोबर होता. सुयोगनं तिला माठाजवळ नेलं, माठाच्या ओल्या पाठीला तिचा हात लावून दिला. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं, आणि उडताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. धुक्याचा प्रत्येक थेंब हा एक इवलासा माठ. कोरड्या वाऱ्यात तो स्वतःच स्वतःला गार करत खाली येतो. पावसाचं पाणी पठारावरून चार दिवसांत समुद्राला मिळतं. बर्फ मात्र हिमवाफ्यांवर पेंढ्याखाली झाकून ठेवला की उन्हाळाभर थेंबथेंब जमिनीत मुरतो, आजाऱ्याला सलाईन लावल्यासारखा. खालच्या गावांचे झरे आता मे महिन्यातही वाहायचे ते त्यामुळे.

एवढ्यात मुख्य कार्यालयाचा फोन आला. वाडीवर बर्फ कसा काय पडला, अशी विचारणा होती. सुयोग खिडकीकडे तोंड करून म्हणाला की अचानक वारा फिरला. रुंजी दही चाटत ऐकत होती.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता. शेजारच्या सुवर्णाकाकूंनी रोजच्या सवयीनं पहाटेच अंगणात सडा घातला होता. बर्फ होता म्हणून काय झालं, सड्याशिवाय दिवस कसा उगवायचा? तो सडा आता आरशासारखा गोठला होता, आणि काकू तुळशीपासून थेट गोठ्यापर्यंत बसल्या बसल्या घसरत गेल्या होत्या. लागलं काहीच नव्हतं. त्यांची नातवंडं, समर्थ आणि साची, पोट धरून हसत होती.

"हसता काय रं," काकू उठता उठता म्हणाल्या. "जरा ढकला मला वरनं. पुन्हा एकदा जाते."

दिवसाला असं तोंड लागलं. पाटावर बसून पोरं अंगणभर घसरली. पाट कमी पडले तेव्हा पराती निघाल्या, आणि परातीत बसलेली साची भोवऱ्यासारखी फिरत गडग्यावर आदळली. मग समर्थ म्हणाला, किल्ला करू. वाडीतली सगळी पोरं जमली. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या हातांना बर्फाचा किल्ला काय अवघड? बुरूज उभे राहिले, तटबंदी झाली, माची झाली. माळ्यावरून मातीचे मावळे उतरले. थंडीनं कुडकुडतील म्हणून रुंजीनं त्यांच्या गळ्यात लोकरीचे धागे बांधले. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतात, ते इथं उगवणार का, यावर मोठा वाद झाला. सुयोगला निवाडा करायला बोलावलं. तो म्हणाला, पेरून बघा. मला माहीत नाही. बाबाला माहीत नसलेली एक गोष्ट सापडली याचा रुंजीला इतका आनंद झाला की तिनं मूठभर अळीव एकाच बुरजावर ओतलं.

सुयोगला खेळता येत नसे. लहानपणीही तो कडेला उभा राहून चेंडू किती उंच जातो ते बघणारा मुलगा होता. रुंजी सुट्टीत यायची तेव्हा तो तिला मनोरा दाखवायचा, यंत्रांचे काटे दाखवायचा, आणि मग दोघंही गप्प बसायची. आज त्याच्या मानेवरून बर्फाचा गोळा सदऱ्यात उतरला, आणि मागे वळून पाहिलं तर रुंजी उभी होती, पुढचा गोळा हातात घेऊन. या एका दिवसासाठी नियम मोडला ते बरंच केलं, असं त्याला त्या क्षणी वाटून गेलं.

काकूंचं दुःख वेगळंच होतं. सडा झाला, आता रांगोळी. पण पांढऱ्यावर पांढरी रांगोळी दिसणार कशी? त्यांनी थोडा वेळ कमरेवर हात ठेवून विचार केला, चुलीतला कोळसा कुटला, पूड चाळली, आणि त्या काळ्या पुडीनं दारासमोर ठिपक्यांचं मोठं कमळ काढलं. उजेडाच्या कागदावर शाईनं काढावं तसं ते दिसायला लागलं. सगळी वाडी येऊन बघून गेली.

दुपारी भोंडला झाला. महिना भोंडल्याचा नव्हता, पण काकूंचं म्हणणं, हत्तीला बर्फ आयता मिळालाय तर सोडायचा कशाला. किल्ल्यासमोर बर्फाचा हत्ती बसवला. त्याला केळीच्या खुंटाची सोंड लावली. पोरींनी फेर धरला, पोरांनाही ओढलं, शेवटी सुयोगलाही. गाणी नेहमीची नकोत, बर्फाचं म्हणा, असा हट्ट झाला. तेव्हा काकूंनी डोळे मिटले आणि तिथल्या तिथे रचत गेल्या:

*आभाळाची सून बाई दळायला बसली,*
*दळता दळता तिला गं वाऱ्याची झोप लागली.*
*पीठ सांडलं वाडीवर,*
*सासू हुडकते माडीवर,*
*सासूबाई, सासूबाई, खाली जरा बघा,*
*पोरांनी केल्या पिठाच्या भाकरी, खायला तरी या गा.*

फेर संपला की खिरापत ओळखायची. काकूंनी डबा कानाशी हलवला. एरवी डब्याच्या आवाजावरून पोरं ओळखतात, लाडू आहेत की शेंगदाणे. आज डबा वाजेचना. पोरांनी सगळे गोड पदार्थ सांगून पाहिले, सगळे तिखट सांगून पाहिले. रुंजीनं डब्याला हात लावला, हात झटकन मागे घेतला आणि म्हणाली, "बर्फ." झाकण निघालं. बर्फच होता, त्यावर आमसुलाचं लालबुंद सरबत ओतलेलं. हे खाल्लेलं चालतं का, म्हणून सगळ्यांनी सुयोगकडे पाहिलं. त्यानं पहिला चमचा स्वतः घेतला. मग डब्यात काहीच उरलं नाही.

पोरं पांगली तरी रुंजी काकूंच्या दारातच रेंगाळत होती. ती बर्फावर पालथी पडली होती, गाल जमिनीला टेकवून. सुयोग जवळ गेला.

"बाबा, रांगोळी खाली गेलीये."

खरंच गेली होती. कमळाची एकेक रेघ बर्फात बोटभर खोल उतरली होती, दगडात कोरल्यासारखी, आणि रेघांच्या तळाशी जमीन दिसत होती. सुयोगनं सांगण्याआधीच तिनं प्रयोग मांडला. एक पांढरा रुमाल, काकूंचा लाल खण, छत्रीचं काळं कापड आणि चिमूटभर कोळसा, सगळं ओळीनं उन्हात ठेवलं आणि शेजारी उकिडवी बसून राहिली. रुमाल जिथल्या तिथे राहिला. खण थोडा दबला. काळं कापड आणि कोळसा हळूहळू बुडायला लागले. तिनं पुन्हा पुन्हा जागा बदलून पाहिल्या. पांढरा रंग ऊन परत पाठवतो आणि काळा गिळून टाकतो, हे सुयोगनं तिला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. ते तिला कळलंच होतं, फक्त शब्द मिळायचे होते.

ऊन कलल्यावर केतकीचा फोन आला. ती आंबेनेरच्या एका खानावळीच्या वरच्या खोलीत होती. रुंजीनं तिला किल्ला सांगितला, हत्ती सांगितला, परातीतली साची सांगितली, आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "तू बघायला पाहिजे होतंस गं," ती म्हणाली. "वितळेल ना हे." केतकी काय म्हणाली ते सुयोगला ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं तो विरजणघरात गेला. रुंजीही मागोमाग आली. काट्यांवर सगळं कालच्यासारखंच होतं. हवा कोरडी, गारठा पुरेसा, वारा घाटाकडे. सुयोग झडपेच्या चाकासमोर उभा राहिला. आज पुन्हा पडला तर उद्याही घाट बंद. उद्या पुन्हा किल्ला. पुन्हा सदऱ्यात गोळा.

"बाबा," रुंजी मनोऱ्यावरच्या कापडी फडक्याकडे बघत होती, "काल वारा फिरला तेव्हा तू झडप बंद का नाही केलीस?"

तो चाकापासून मागे सरला.

"इथे तर लगेच दिसतं. फडकं तिकडे गेलं की कळतंच."

विज्ञानाच्या प्रश्नाला तो कधी खोटं उत्तर देत नसे. त्यानं स्टूल ओढलं, तिच्या उंचीला बसला आणि सांगितलं की वारा फिरला नव्हता. तो आधीपासूनच घाटाकडे होता. झडप त्यानं तरीही उघडली, कारण आई सकाळी येणार होती, आणि तू गेल्यावर पुन्हा कधी येशील ते मला माहीत नव्हतं.

रुंजीनं परत फडक्याकडे पाहिलं.

"मला विचारायचंस ना," ती म्हणाली. "मी आईला म्हटलं असतं, अजून एक दिवस. तिनं दिला असता."

सुयोगच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. हवेला विचारलं, काट्यांना विचारलं, फाटकावरच्या माणसाला विचारलं. ज्या मुलीसाठी हे सगळं केलं तिला विचारायचं राहून गेलं.

"आणि उद्या पण पाडणार होतास?"

"आत्ता तोच विचार करत होतो."

"नको," रुंजी म्हणाली. "आईला किल्ला बघायचाय." मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. "बाबा, घाटाच्या रस्त्यावर रांगोळी काढली तर?"

सुयोगनं चाकाला कुलूप घातलं. भाताचं तूस जाळून उरलेली काळी राख केंद्राच्या मागे पोत्यांनी पडून होती. उजाडताच त्यानं कार्यालयाला फोन करून परवा संध्याकाळचं खरं सांगितलं. पलीकडून चौकशी होईल असं कोरडं उत्तर आलं. तोवर काम त्याच्याकडेच राहणार होतं, मनोरा चालवणारं पठारावर दुसरं कुणी नव्हतं. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोती चढली, पोत्यांवर पोरं चढली, आणि काकू पुढे बसल्या, कारण ठिपके कसे टाकायचे ते पोरांना काय कळतंय.

वळणावळणावर राख पडत गेली. नुसती पसरायची असतानाही काकूंच्या हातून कुठे वेल निघाली, कुठे कोयरी. पोरांनी आपापली नावं लिहिली. समर्थनं एका सरळ पट्ट्यावर लांबलचक साप काढला. रुंजीनं तिच्या वाट्याच्या वळणावर मोठ्या अक्षरांत 'आई इकडून' असं लिहिलं आणि बाण काढला. ऊन वर आलं तसा साप बुडाला, वेली बुडाल्या, अक्षरं बुडाली. काळ्या रेघांतून पाणी सुटलं, रेघा एकमेकींना मिळाल्या, आणि दुपार व्हायच्या आत घाटातून ओला, चकचकीत डांबरी रस्ता वर आला. सुयोग एका कठड्यावर बसून बघत होता. मुलीला दूर नेणारा रस्ता तो स्वतःच मोकळा करत होता, आणि तो इतका सुंदर उघडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

केतकीची गाडी आली. ती उतरली, रुंजीनं तिला किल्ल्याकडे ओढत नेलं. बर्फ दबला होता, हत्तीची सोंड गळाली होती, तरी मावळे जागेवर होते. केतकीनं प्रत्येक बुरूज नीट पाहिला. परातीत बसवून पोरांनी तिला दोनदा ढकललंही, आणि ती ओरडली नाही म्हणून साचीला आश्चर्य वाटलं.

सुयोग तिला सांगायला पुढे झाला, पण तिनंच सुरुवात केली.

"फाटकवाला म्हणाला, साहेबांनी बर्फ पडायच्या आधीच फाटक लावायला सांगितलं. मला परवा रात्रीच कळलं, सुयोग."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. खूप बोलणार होते." ती कपड्यांवरचा बर्फ झटकत राहिली. "पण काल फोनवर तिचा आवाज ऐकला. तुझ्याकडून फोन करते तेव्हा इतकी कधी बोलत नाही ती."

रुंजी मध्येच येऊन उभी राहिली. हिमवाफे वितळताना बघायला मे महिन्यात यायचंय, असं तिनं जाहीर केलं. केतकी म्हणाली, बघू. बघू म्हणजे नाही, असं रुंजीचं उत्तर तयार होतं.

"बघू म्हणजे तिकीट बघू," केतकी म्हणाली. "पण यापुढे आभाळाला मध्ये घालायचं नाही. मला फोन करायचा." हे शेवटचं ती रुंजीकडे बघत म्हणाली, पण मान सुयोगनं हलवली.

जेवून, सूर्य कलायच्या बेताला त्या निघाल्या. पोरं ट्रॉलीच्या वाटेनं थोडं अंतर गाडीमागे पळाली. सुयोग विरजणघरात जाऊन बसला. काटे सगळे अनुकूल होते. वारा आता फिरला होता, खराच फिरला होता. मनोऱ्यावरचं फडकं हिमवाफ्यांकडे ताठ उभं होतं. तरी त्यानं कुलूप काढलं नाही. घाटात गाडी होती.

ऊन लालसर झालं तेव्हा फोन वाजला.

"बाबा, आम्ही खाली पोचलो. आंबेनेरच्या पुलावर उभे आहोत." वाऱ्यानं तिचा आवाज तुटत होता. "आता सोड ना. इथून बर्फ पडताना दिसतो का ते बघायचंय मला."

ते त्यालाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो वर राहिला, खालून हे कसं दिसतं ते त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. त्यानं कुलूप काढलं, पुन्हा एकदा फडक्याकडे पाहिलं, आणि चाक फिरवलं. मनोऱ्यावरून धुकं उठलं. मावळतीचं ऊन त्याच्या आरपार गेलं, थेंबाला थेंब ओळीत उभे राहिले, आणि एक पांढरा पदर कड्यावरून हलके हलके वाफ्यांकडे सरकायला लागला.

"सोडलंय," तो म्हणाला. "दिसतंय?"

फोनवर नुसता वारा होता.

"नाही दिसत," रुंजी म्हणाली. "डोंगरच दिसतोय नुसता." मग तिच्या मागून केतकी काहीतरी बोलली, दोघींची कुजबुज झाली, गाडीचं दार वाजलं.

"थांब बाबा, बंद नको करूस," रुंजी म्हणाली. "आईला दिसलं. ती मला दाखवतेय."